नूतनीकरणाच्या निमित्ताने: एका मराठी दैनिकाच्या डिजिटल वर्गणीचा अनुभव

एका मोठ्या मराठी दैनिकाची डिजिटल वर्गणी गेल्या वर्षी सवलतीच्या दरात घेतली होती. तिची मुदत संपत आली तेव्हा बँकेचा संदेश आला की, नूतनीकरणाची रक्कम उद्या खात्यातून वळती होईल. रक्कम आधीच्या दराच्या दुपटीहून अधिक होती. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी देणे सक्तीचे केले आहे, म्हणून निदान विचार करायला एक दिवस मिळाला. त्या दिवसात वर्गणी ठेवावी की सोडावी याचा हिशेब मांडायला बसलो आणि त्यातून हा अनुभव लिहिला गेला. दैनिकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार, म्हणजे ऑनलाइन बातमी वाचकाला न सांगता बदलण्याची, त्या एका दैनिकापुरती नाही.

अशा वर्गणीत काय काय मिळते, हे वाचकांना ठाऊक आहेच. ॲपवरच्या ताज्या बातम्या, छापील अंकाची हुबेहूब प्रत म्हणजे ई-पेपर, रविवारची पुरवणी, काही लेख ऐकण्याची सोय. पैसे भरूनही जाहिराती दिसतात, त्याची कटकट मी पहिल्या महिन्यातच सोडून दिली. सूचनांचा भडिमार मात्र फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंदच करावा लागला. ''या' शहराला पावसाचा इशारा' असे मथळ्यात सांगायचे आणि शहराचे नाव सहाव्या परिच्छेदात द्यायचे, हा प्रकार वर्गणी भरणाऱ्या वाचकाशी तरी करू नये.

आधी जमेची बाजू. मी इंदूरचा. आमच्या घरी रोजचे वृत्तपत्र हिंदी असे आणि मराठी वृत्तपत्र ही चैन होती. १९४७ साली इंदुरात सुरू झालेल्या 'नई दुनिया'वर राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांच्यासारख्या संपादकांनी जो संस्कार केला, त्यावर इथल्या मराठी घरांतल्या दोन पिढ्या वाचायला शिकल्या. बारपुते स्वतः मराठी, त्यामुळे आमच्याकडे त्यांचा उल्लेख घरातल्या माणसासारखा होई. मुंबई-पुण्याचे मराठी अंक राजवाड्याच्या बाजूला मिळत, पण ते गाडीने येत आणि हातात पडेपर्यंत शिळे झालेले असत. शिवाय आमच्या वाट्याला यायची ती लवकर छापलेली डाक आवृत्ती, म्हणजे रात्री उशिराची बातमी त्यात नसायचीच. आता दादरच्या माणसाला जो अंक पहाटे मिळतो तोच मलाही पहाटे मिळतो, आणि हवी ती शहर आवृत्ती निवडता येते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकासाठी डिजिटल युगाने केलेले हे काम खरोखर मोठे आहे. त्यासाठी मी पैसे आनंदाने मोजले. एकच नुकसान झाले ते अटाल्याचे: छापील वृत्तपत्राची रद्दी अटालेवाल्याला विकून वर्गणीतले थोडे तरी परत मिळत असे, इथे ती सोय नाही.

सुरुवातीच्या काही महिन्यांत माझे मत असे होते की, या सगळ्यात ई-पेपर हा भाग सर्वांत मागासलेला आहे. छापलेल्या पानाचे चित्र फोनवर दाखवायचे आणि वाचकाने ते दोन बोटांनी ताणून, डावीकडे-उजवीकडे सरकवत एकेक स्तंभ वाचायचा, याला तंत्रज्ञान कसे म्हणावे? ॲपवरची बातमी त्या मानाने सुटसुटीत होती. अक्षर मोठे करता येई, दुवा पाठवता येई आणि घडामोड बदलली की मजकूरही बदले. हा शेवटचा गुण मला तेव्हा गुणच वाटत होता.

मग आमच्या मराठी मंडळात अर्जाच्या तारखेचा घोळ झाला. मंडळाचे हिशेब मी पाहतो. एका अनुदानासाठी अर्ज करायची अंतिम तारीख महिनाअखेरची असल्याची बातमी मी सकाळी ॲपवर वाचली आणि तिचा दुवा सर्वांना पाठवला. संध्याकाळच्या बैठकीत कार्यवाह काकूंनी तोच दुवा उघडला आणि मोठ्याने विचारले, "अहो, तुम्ही तर तीस तारीख म्हणाला होतात, इथे पंधरा लिहिलंय!" मी फोन हातात घेऊन पाहिले तर खरोखरच पंधरा होते. मथळा तोच, छायाचित्र तेच, फक्त आकडा बदललेला. तो बदलल्याची खूण म्हणजे मथळ्याखालची फिकट करड्या अक्षरांतली 'शेवटचा बदल' ही ओळ आणि तिच्यापुढची सायंकाळची वेळ. काय बदलले, का बदलले, आधी काय होते, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. सकाळची बातमी मी पाहिली होती याचा पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही त्या पानाची जुनी प्रत सापडली नाही. अर्ज वेळेत गेला, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. अध्यक्षांनी मात्र पुढच्या बैठकीपासून तारखा दोनदा तपासायची सूचना इतिवृत्तात घातली आणि ती माझ्याकडे पाहून घातली.

दुसऱ्या दिवशी ई-पेपर उघडला आणि थक्क झालो. आतल्या पानाच्या तळाशी, दोन जाहिरातींच्या मध्ये, 'दुरुस्ती' अशा मथळ्याची छोटी चौकट होती: कालच्या अंकात अमुक पानावर अंतिम तारीख तीस अशी छापली गेली, ती पंधरा अशी वाचावी, चुकीबद्दल दिलगीर आहोत. दैनिक एकच, बातमी एकच, चूकही एकच. छापणाऱ्यांनी ती चारचौघांत कबूल केली आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी गुपचूप पुसून टाकली. तेव्हापासून ॲपवरची कोणतीही बातमी उघडली की माझी नजर आधी त्या करड्या ओळीवर जाते. घरच्यांच्या मते हे आता व्यसन झाले आहे.

माझा व्यवसाय हिशेबांचा आहे, त्यामुळे हा प्रकार मला बहुधा इतरांपेक्षा जास्त टोचला असेल. आमच्याकडे रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, चुकलेली नोंद खोडायची नसते. ती तशीच ठेवून खाली उलट नोंद करायची असते, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. कंपन्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच असे बंधन आहे की, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय कोणालाही बंद करता येता कामा नये. एखाद्या लहानशा कंपनीच्या खर्चाच्या खात्याला जी शिस्त लागू आहे, ती लाखो लोक वाचतात त्या मजकुराला नसावी, हे मला पटत नाही.

ई-पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते, ती मी पूर्वी कधी वाचली नव्हती. आता बोटांनी ताणून वाचली. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कोणत्या पत्त्यावर छापले, संपादक कोण आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, हे सगळे तिथे आहे. वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असावीत ही अट १८६७ च्या कायद्यातली. त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तरी ती ओळ अजून अंकावर दिसते. त्याच दैनिकाच्या ॲपवर लेखकाच्या नावाच्या जागी 'ऑनलाइन डेस्क' एवढेच असते. चुकीची तारीख कोणी लिहिली, कोणी बदलली आणि विचारायचे कोणाला, याचे उत्तर देणारा माणूस त्या पानावर नाही.

आता कोणी म्हणेल की, वेगाच्या माध्यमात चुका होणारच. त्या होतात, हे मलाही मान्य आहे. वेब डेस्कवर बसलेल्या तरुण पत्रकारांना एका पाळीत किती बातम्या पाडाव्या लागतात, याची कल्पना त्या बातम्यांच्या भाषेवरूनच येते. जाहिरातीचे पैसे किती जणांनी पान उघडले त्यावर ठरतात आणि त्यातला मोठा वाटा शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे घेऊन जातात. उरलेल्यात भागवायचे म्हणजे माणसे कमी आणि पाने जास्त, हे ओघाने आलेच. शोधयंत्रात वर दिसावे म्हणून जुन्या बातमीत दोन शब्द बदलून ती ताजी करण्याचा मोहही त्यातूनच होतो. म्हणूनच वाचकाकडून थेट पैसे घेण्याचा मार्ग मला योग्य वाटतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये संकेतस्थळाला वर्गणी लावली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती, पण पुढच्याच वर्षी वाचकांकडून येणारे त्यांचे उत्पन्न जाहिरातींच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले. पण पैसे वाचकाचे असतील, तर हिशेबही वाचकालाच द्यायला हवा.

तो देण्याची रीत काही नवी शोधायची नाही. लंडनच्या गार्डियनने १९९७ मध्ये वाचकांच्या तक्रारी पाहण्यासाठी स्वतंत्र संपादक नेमला, आणि आपल्याकडे 'द हिंदू'ने २००६ मध्ये तसा नेमला. न्यूयॉर्क टाइम्सने २००३ मध्ये निर्माण केलेले असेच पद २०१७ मध्ये रद्द केले, पण बदललेल्या बातमीखाली दुरुस्तीची नोंद द्यायची पद्धत त्यांनी सोडली नाही: आधी काय लिहिले होते आणि ते का चुकले, हे तिथे दोन वाक्यांत सांगितलेले असते. आपल्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही चूक लक्षात येताच ती ठळकपणे दुरुस्त करावी, असे सांगितले आहेच. सरकारच्या २०२१ च्या डिजिटल माध्यमांच्या नियमांचा आधार मी घेत नाही. त्यांतल्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिलेली आहे आणि वृत्तपत्रांना शिस्त लावायला सरकार यावे, असे मला वाटतही नाही. हे काम वृत्तपत्रांनी स्वतःच करायचे आहे.

ई-पेपरविषयीचे माझे मत या सगळ्यात पार उलटले. तो अवघडल्यासारखा दिसतो, पण रात्री एका ठरावीक क्षणी तो पूर्ण होतो. कोणीतरी पाने पाहिलेली असतात, कोणती बातमी वर आणि कोणती खाली हे ठरवलेले असते, आणि एकदा निघाल्यावर तो तसाच राहतो. सहा महिन्यांनी उघडला तरी त्यात तीच चूक आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात तीच दुरुस्ती सापडते. इतर देशांतही हे ज्यांना उमगले त्यांनी त्यावर पैसे लावले आहेत. मॉन्ट्रियलच्या ला प्रेस या फ्रेंच दैनिकाने २०१३ मध्ये टॅबलेटसाठी रोजचा पूर्ण बांधलेला अंक काढला आणि तो रुजल्यावर २०१६ पासून आठवड्याच्या इतर दिवसांचा कागदी अंक बंद करून फक्त शनिवारचा ठेवला. २०१७ अखेर तोही थांबवला. अमेरिकेतल्या आर्कान्सास डेमोक्रॅट-गॅझेटने तर वर्गणीदारांना आयपॅड वापरायला दिले आणि त्यावर छापील अंकाचीच प्रत दाखवून रविवार वगळता बाकीच्या दिवसांचा घरपोच छापील अंक थांबवला. हे सगळीकडे साधेल असे नाही. टॅबलेट वाटण्याइतका पैसा मराठी दैनिकांकडे कुठून येणार? पण ज्या अंकाला शेवट आहे त्यासाठी वाचक पैसे मोजतो, एवढे त्यावरून दिसते.

राहिला नूतनीकरणाचा वाद. ग्राहक सेवेच्या चॅटवर आधी यंत्र बोलले आणि मग बहुधा माणूस. दोघांनीही 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हेच सांगितले. फक्त ई-पेपरची वेगळी योजना नाही, असे ठाम उत्तर मिळाले. मी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन वसुलीची परवानगीच रद्द केली आणि संगणकावर दैनिकाचे संकेतस्थळ उघडले, तर तिथे ती योजना होती आणि पूर्ण वर्गणीच्या निम्म्याहून कमी दरात होती. फोनच्या ॲपमधून वर्गणी घेतली की गुगल किंवा ॲपल त्यातला ३० टक्क्यांपर्यंतचा वाटा कापून घेतात, त्यामुळे स्वस्त योजना ॲपमध्ये ठेवत नसावेत. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी संकेतस्थळावरूनच घ्यावी. पुरवणीसह सगळा अंक मिळतो, फक्त मागचे अंक ठरावीक मुदतीपर्यंतच उघडतात. मी तीच घेतली. ॲप फोनवरून काढून टाकले.

तारखेच्या प्रकरणाबद्दल मी संपादकीय विभागाला सविस्तर पत्र पाठवले होते. उत्तर आले, आणि तेही नाव-हुद्द्यासह, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी लिहिले की, संकेतस्थळावरच्या प्रत्येक बदलाची नोंद त्यांच्या प्रणालीत आपोआप राहते, कोणी केव्हा काय बदलले हे त्यांना आत दिसते, फक्त वाचकाला दाखवण्याची सोय केलेली नाही. म्हणजे रोजकीर्द ठेवलेली आहे, ती कपाटात आहे, इतकेच. मी लगेच दुसरे पत्र पाठवून विचारले आहे की, ती नोंद बातमीखाली दाखवायला तांत्रिक अडचण आहे की इच्छेची. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही, आले की इथेच खाली जोडेन.