आठ महिन्यांनंतर: सहा पक, एक जाळी आणि आर्ट रॉस

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बॉस्टनजवळच्या एका रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) आइस हॉकीच्या, मोठ्यांच्या नवशिक्या बॅचमध्ये नाव घातलं. कोचने पहिल्याच दिवशी डिफेन्सला उभं केलं. मला उलटं स्केटिंग येत नाही हे त्याला अजून कळायचं होतं. घरी सरावाला म्हणून सहा पकांचा (चेंडूऐवजी खेळायच्या चकत्यांचा) संच आणि ड्राइव्हवेवर लावायची गोलची जाळी मागवली.

आधी पक. काळंकुट्ट, गच्च रबर. व्यास तीन इंच, जाडी एक इंच. नियमाप्रमाणे वजन १५६ ते १७० ग्रॅम लागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, सहाही १६३ ते १६७ मध्ये बसले. इतक्या दिवसांत एकही चिरला नाही. दोन पकांच्या कडेवरची खरखरीत नक्षी मात्र झिजून गुळगुळीत झालीय, आणि असा पक स्टिकवरून सटकतो. उसळी कमी व्हावी म्हणून एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, सामन्याआधी पक गोठवतात. मीही फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पाकिटांशेजारी ठेवून पाहिले. फरक पडतो, पण जुलैच्या उन्हात फार वेळ टिकत नाही. आणि हो, डांबरावर पक सरकत नाही. खाली प्लास्टिकचा गुळगुळीत तक्ता लागतोच, तो संचात येत नाही.

ही उसळी आटोक्यात आणायचा उद्योग आर्ट रॉसने केला होता. त्याने पकाच्या कडा किंचित उतरत्या केल्या आणि नैसर्गिक रबराऐवजी कृत्रिम रबर आणलं. बॉस्टनच्या एनएचएल संघाचा, ब्रुइन्सचा, पहिला कोच-मॅनेजर (१९२४) म्हणून इथे त्याचं नाव निघतं, पण गडी मुळात डिफेन्सचा. १९०७ मध्ये केनोरा थिसल्स आणि १९०८ मध्ये माँट्रियल वाँडरर्स, अशा दोन संघांकडून त्याने लागोपाठ स्टॅन्ली कप हा आइस हॉकीचा मानाचा चषक जिंकला. तेव्हा डिफेन्सचे दोघे शेजारी नव्हे, एकामागे एक उभे राहत. पक हाती लागला की पुढे भिरकावून मोकळं व्हायचं, ही रीत. रॉस तो स्वतः घेऊन पुढे धावायचा. (मी अजून भिरकावण्याच्याच युगात आहे.) १९१०-११ च्या हंगामात मालकांनी अख्ख्या संघाच्या पगारावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा भांडणाऱ्या खेळाडूंत हा पुढे. एनएचएलमध्ये मात्र तो जेमतेम तीन सामने खेळला आणि एकच गोल केला. तेव्हा तो वाँडरर्सकडे होता, आणि जानेवारी १९१८ मध्ये रिंक जळाली नि तो संघच बंद पडला.

कोच म्हणून डोकं तेच. २६ मार्च १९३१ ला माँट्रियलच्या कॅनेडियन्स संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटात त्याने गोलकीपरला बाहेर बोलावून जादा खेळाडू उतरवला. सामना ०-१ असा गेला, पण आज सगळे कोच तेच करतात.

आता जाळी, आणि इथे माझी तक्रार आहे. रॉसच्या जाळीची मागची बाजू इंग्रजी बी अक्षरासारखी वळलेली होती, म्हणजे आत शिरलेला पक आतच राहायचा. एनएचएलने ती १९२७ मध्ये घेतली आणि १९८४ पर्यंत वापरली. माझी जाळी मागे सरळ, ताणलेली. जोरात मारलेला पक आत जातो, तटकन उसळतो आणि पायाशी परत. मुलगा म्हणतो गोल नाही, मी म्हणतो झाला. रोज संध्याकाळी हाच वाद. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘दोऱ्या आणखी घट्ट करा’ असं उत्तर आलं! केल्या, आणि तिसऱ्या महिन्यात डावा खालचा कोपरा फाटला.

शेवटी आईने सामानात कोंबून दिलेली जुनी गोधडी आत सैल टांगली. आता पक धप्पकन आदळतो आणि तिथेच खाली पडतो. वादही मिटला. आईला अजून सांगितलेलं नाही.

पकांना साडेचार तारे. जाळीला दोन, त्यातला दीड गोधडीचा.