घोटानंतरची आस: फिंगरस्टाइल गिटार आणि महाराष्ट्रातल्या चार बाटल्या

माझी नखं कायम कापलेली असतात. फिजिओथेरपीचं काम, दिवसभर लोकांच्या पाठी आणि माना हाताखाली येतात, तिथे नख चालत नाही. त्यामुळे गेली अकरा वर्षं मी नायलॉन तारांची गिटार बोटांच्या नुसत्या टोकांनी वाजवते. आवाज बारीक येतो, पण गोल येतो. स्पेनचे गिटारवादक फर्नांडो सोर यांनी (१७७८–१८३९) आयुष्यभर असंच वाजवलं आणि त्यांच्या नंतरच्या पिढीतले स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांनीही उतारवयात नखं काढून टाकली, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

हे आधी सांगायचं कारण असं, की खाली ज्या चार बाटल्यांबद्दल लिहिते आहे, त्या मी एप्रिल-मेच्या चार शनिवारी आमच्या एरंडवण्याच्या घरी गिटार ऐकत आणि वाजवत चाखल्या. कुठली वाइन कुठल्या वादनाबरोबर जमते, याचं उत्तर मला अखेर उजव्या हातात सापडलं. ‘उदास सुरावटीला रेड, आनंदी सुरावटीला व्हाइट’ असली वाटणी बऱ्याच ठिकाणी वाचली होती. आमच्याकडे ती एकदाही खरी ठरली नाही.

फिंगरस्टाइल म्हणजे प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चपटी नखी, न घेता वाजवणं. अंगठ्याकडे खर्जाच्या तारा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेकडे वरच्या. एकच माणूस खर्ज, साथ आणि मुख्य सुरावट तिन्ही सांभाळतो. आमच्या घरात दोन गिटार आहेत: माझी नायलॉनची आणि नवऱ्याची मोठ्या पोटाची, स्टीलच्या तारांची. तो अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी घालतो. दर शनिवारी एक वाइन, दोघांना दोन-दोन छोटे ग्लास. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने चाखायचं, मग अदलाबदल. दोन ग्लासांच्या पुढे जायचं नाही हा नियम पहिल्याच आठवड्यात केला, कारण दुसऱ्या ग्लासानंतर माझी अनामिका मागे पडायला लागते आणि मग मी काय ऐकते आहे याचा मला भरवसा राहत नाही.

तिसरे श्रोते अण्णा, माझे सासरे. वय ८१. ते वाइन घेत नाहीत, पण चाळीस वर्षं सतार वाजवलेले कान आहेत. पहिल्या शनिवारी त्यांनी एकच शब्द दिला आणि पुढचे तीन शनिवार त्या शब्दावर चालले. मी तार छेडली, स्वर विरेपर्यंत थांबले, तर म्हणाले, “अगं, स्वर काढणं सोपं असतं. त्याची आस किती राहते ते बघ.” आस म्हणजे छेडल्यानंतर तारेत उरणारा, हळूहळू मावळणारा नाद. वाइनमध्येही तेच तर असतं. जिभेला लागताक्षणी होतो तो आघात, आणि घोट घशाखाली गेल्यावर तोंडात रेंगाळते ती आस. आंबटपणा आघात देतो. टॅनिन, म्हणजे रेड वाइनमधला जांभळासारखा तुरटपणा, आस लांबवतो किंवा मध्येच तोडतो. हे दोन वादनाशी जुळले की वाइन जमली.

पहिली बाटली: सुला सोव्हिन्यॉं ब्लांक. नाशिकच्या सुला कंपनीची व्हाइट वाइन. सुलाच्या पहिल्या वाइन २००० साली आल्या, त्यांतली ही एक. गवतासारखा, हिरव्या मिरचीच्या देठासारखा वास, लख्ख आंबटपणा, गोडवा नाही. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, ग्लासात ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढली, की आठ-दहा अंशांच्या आसपास येते. माझ्या नायलॉनच्या गिटारबरोबर ती अजिबात बसली नाही. माझा आघात मऊ, तिचा टोकदार. घोट घेतला की गिटार दूरच्या खोलीत गेल्यासारखी वाटायची. मग नवऱ्याने त्याची गिटार घेतली आणि अंगठ्याचा खर्ज एकाआड एक दोन तारांवर हलता ठेवून वाजवायला लागला. अमेरिकेतल्या केंटकीचे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. त्या ठेक्यावर ती वाइन एकदम उभी राहिली. स्टीलची तार नखीने वाजते तेव्हा स्वराला जी कड येते, तीच कड या वाइनला आहे.

एक सूक्ष्म गोष्ट मात्र नोंदवते. तो अगदी वरच्या पडद्यांवर गेला की मला वाइन जास्त आंबट लागायची. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी आवाज आणि चव यांच्या नात्यावर बरंच काम केलं आहे. उंच स्वर गोड-आंबटाशी आणि खालचे स्वर कडवटपणाशी जोडले जातात, असं त्यात दिसतं. तेव्हा हा माझ्या एकटीचा भास नसावा. ही वाइन घ्यायची तर वादनात खर्ज भरपूर हवा. आणि बाटलीवरचं साल जरूर बघा. नाशिककडे द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या थंडीच्या काळात होते आणि ही वाइन ताजी असतानाच खरी. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेली घेऊ नका.

दुसरी: सुलाचीच शेनिन ब्लांक. हिच्यावर थोडक्यात लिहिते, कारण ही सगळ्यांशी जमते. किंचित गोडसर, पिकल्या पेरूचा वास, आघात मऊ. अमेरिकेचे गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांची १९२८ सालची रेकॉर्डिंग लावली होती. अंगठा घड्याळासारखा, वरची सुरावट गप्पा मारल्यासारखी. ती रेकॉर्ड निघाल्यावर हा माणूस आपल्या गावी शेतीकडे परतला आणि १९६३ मध्ये लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं. त्या वादनात कुठेच जोर नाही, आणि या वाइनमध्येही नाही. सोबत बाकरवडी ठेवली होती. तिखट-गोड मसाल्याला हा थोडासा गोडवा फार छान धरून राहतो. कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या व्हाइटबरोबर तीच बाकरवडी कडवट लागते, हे आम्ही पहिल्या शनिवारी अनुभवलं होतं. पाहुण्यांसाठी एकच बाटली घ्यायची असेल तर ही घ्या.

तिसऱ्या शनिवारी एक वाईट अनुभव आला, तो सांगते. शहरातल्या एका दुकानातून बरीच महागडी रेड आणली होती. घरी आल्यावर बूच बाटलीच्या तोंडातून जरा वर आलेलं दिसलं. उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास आणि चव सपाट, आघातही नाही आणि आसही नाही. ती बाटली उन्हात तापली होती. दुकानात परत गेले तेव्हा लक्षात आलं, की महागाच्या सगळ्या बाटल्या पश्चिमेच्या काचेला टेकवून उभ्या मांडल्या आहेत, दिसाव्यात म्हणून. पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात! द्राक्ष पिकवणाऱ्याने आणि वाइन बनवणाऱ्याने वर्षानुवर्षं घेतलेली मेहनत त्या काचेपाशी काही आठवड्यांत संपते, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पैसे परत मिळाले नाहीत. आता मी बाटली आतल्या, अंधाऱ्या फळीवरची मागते आणि बूच तोंडाशी समपातळीत आहे का, हे बोटाने बघून घेते.

म्हणून तिसरी बाटली आठवडाभर उशिरा उघडली: फ्रातेल्लीची सेट्टे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला यांचे मळे आहेत. इटलीतल्या टस्कनीची सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यॉं या दोन द्राक्षांची ही रेड, ओकच्या पिंपात मुरवलेली. सेट्टे म्हणजे इटालियनमध्ये सात. सात म्हटलं की आपल्या मनात सप्तक येणारच.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आमच्या दिवाणखान्यात संध्याकाळी सातलाही ३२ अंश होते. बाटली पंधरा मिनिटं बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवली, मग काचेच्या चंबूत ओतून तासभर मोकळी सोडली. पहिला घोट तरीही कडक होता. टॅनिन हिरड्यांना धरतं. मी माझी नेहमीची शास्त्रीय वळणाची एक रचना वाजवली, तर नवरा म्हणाला, “तुझी गिटार ऐकूच येत नाहीये.” खरं होतं. इतक्या तुरट वाइननंतर बोटांच्या टोकांचा मऊ आवाज कानाला उणा वाटतो.

मग मी गिटारचं ट्यूनिंग बदललं. सहावी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. खालून वर वाचलं तर डी-ए-डी-जी-ए-डी, म्हणून याला ‘डॅडगॅड’ म्हणतात. इंग्लंडचे गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे रूढ केलं. मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य ऐकून त्यांना ते सुचलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डी हा षड्ज धरला की सहा तारा अशा लागतात: सा-प-सा-म-प-सा. काही दाबायचं नाही, नुसत्या मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवायचा. अण्णा आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “तंबोरा कोणी काढला?”

त्या रात्रीचा तो अर्धा तास मी विसरणार नाही. मोकळ्या तारा एकमेकींना जागवतात. एक छेडली की दुसरी आपोआप बोलते, सतारीच्या तरफांसारखी. आघात मऊ असला तरी आस इतकी लांब, की पुढच्या स्वराची घाईच उरत नाही. त्या आसेत सेट्टेचा तुरटपणा हळूहळू उलगडला. आधी सुकं आलूबुखार, मग लाकडाचा, कातड्याचा वास, आणि अगदी शेवटी आंबटसर चेरी. आधीच्या रचनेत हे सगळं तिथेच होतं, पण स्वर भराभर बदलत असल्यामुळे त्याला जागा मिळाली नव्हती. माझ्या दृष्टीने चार बाटल्यांमधली ही सगळ्यात मोठी जोडी. किंमत दोन हजारांच्या घरात जाते, रोजची नव्हे. पण घ्याल तेव्हा घाई करू नका, आणि भराभर बदलणाऱ्या सुरावटींचं वादन तिच्यासमोर लावू नका.

चौथी: सुला लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक, ३७५ मिलीची छोटी बाटली. द्राक्षं वेलीवरच जास्त दिवस ठेवून, साखर वाढल्यावर तोडलेली. मध, आंबा, जर्दाळू. हिच्याबरोबर तारेगांची ट्रेमोलोची रचना, ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा महालाच्या आठवणींवरची. ट्रेमोलोत अंगठा खर्ज वाजवतो आणि लगेच अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर तोच स्वर तीनदा छेडतात. वेगात झालं की गिटारसारखं तुटक स्वरांचं वाद्य अखंड गाऊ लागतं. इथे एकेक आघात ऐकूच येऊ नये, ही कसोटी. आणि ही वाइनही तशीच, कुठे सुरू झाली ते जिभेला समजत नाही, नुसती वाहत राहते. मला ही रचना अजून पूर्ण वेगात येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटून बसलो. ग्लास अगदी छोटा, अर्ध्या वाटीएवढा पुरे. आमची चूक एवढीच झाली, की सोबत श्रीखंड ठेवलं. श्रीखंड वाइनपेक्षा गोड, त्यामुळे वाइन आंबट लागायला लागली. नंतर नुसते भाजलेले बदाम घेतले आणि ती परत जाग्यावर आली.

सेट्टे एका रात्रीत संपली नव्हती. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, अर्धा तास आधी बाहेर काढली. आदल्या दिवसापेक्षा खूपच मऊ झाली होती. हिरड्यांना धरणं गेलं होतं, चेरी पुढे आली होती. गिटारचं ट्यूनिंग मी तसंच ठेवलं होतं. पहिली फेरी वाजवली तर अण्णांनी आरामखुर्चीतून हात वर केला. “खर्ज चढलाय,” म्हणाले. उतरवलेली तार रात्रीतून पुन्हा वर सरकते, तसंच झालं होतं. मी सहाव्या तारेची खुंटी केसभर सैल केली. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.