वर्गातलं ६५ इंची पॅनल: एका वायंडिंगवाल्या पालकाचा रिव्ह्यू

नाशिकच्या सातपूरला माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे आणि त्याच भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मुलगी आठवीला आहे. तिच्या वर्गात पालकांच्या वर्गणीतून ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा स्क्रीन, बसलं. कोटेशन मागवण्यापासून भिंतीला ब्रॅकेट ठोकेपर्यंत मी त्यात होतो. आता बाकीच्या वर्गांसाठी पैसे गोळा करायचं चाललंय आणि पालकांच्या ग्रुपवर रोज तेच ते प्रश्न येतात (घ्यावं का, वीजबिल किती, शाळेतही स्क्रीन कशाला), म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी निकाल. पॅनल घेण्यासारखं आहे, पाचपैकी चार गुण. एक गुण विकणाऱ्याच्या सर्व्हिसने घालवला, त्यावर पुढे येतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही. सव्वा लाखाच्या आसपासची जी पॅनलं आम्ही पाहिली ती कागदावर जवळपास सारखीच होती: फोर-के स्क्रीन, आत अँड्रॉइड, वर टफन काच, कडेने इन्फ्रारेडचा टच.

चालतं कसं, हे बघायला पालक संघाच्या आम्हा काही जणांना मागच्या बाकावर बसू दिलं. भूगोलाच्या बाईंनी गुगल अर्थवर ब्रह्मगिरी उघडला आणि एका मुलाला म्हणाल्या, "चल, गोदावरीबरोबर खाली ये." पोरगं बोटाने सरकवत निघालं. गंगापूर धरण, रामकुंड, पुढे दारणा येऊन मिळते ती जागा, मग कादवा आणि निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरचं पसरलेलं पाणी. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण ते हेच, असं बाईंनी सांगितल्यावर निफाडकडची दोन पोरं एकदम ताठ बसली. मग अर्थातच सगळ्यांना आपापलं घर शोधायचं होतं. त्यात बराच वेळ गेला. बाईंनी जाऊ दिला, आणि मला ते पटलं.

गणिताच्या सरांनी जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर लावलं. ते फुकट आहे बरं का, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्रिकोणाचं एक टोक ओढलं की तिन्ही कोन बदलतात आणि खाली बेरीज तीच, १८०. एका आगाऊ पोराने टोक ओढत ओढत त्रिकोण पार चपटा केला. एक कोन १७८ वर गेला, उरलेले दोन एकेक अंशावर आले. "सर, अजून ओढलं तर?" सर हसले आणि उत्तर न देता खडू त्याच्याच हातात दिला.

होय, खडू-फळा शेजारी आहेच आणि राहू द्या. पॅनलवर लिहिताना अक्षर हातामागे किंचित रेंगाळतं, जोडाक्षरं भराभर लिहायला घेतली की जाणवतं. पण त्या फळ्यामुळेच आमच्याकडे एक गंमत झाली. पॅनलवर आपोआप रेघा उमटायला लागल्या. पोरांनी भूत म्हणून जाहीरही केलं. कारण साधं होतं. इन्फ्रारेड टचमध्ये चौकटीच्या एका बाजूने किरण निघतात, समोरच्या बाजूने पकडले जातात आणि मध्ये काही आडवं आलं की पॅनलला बोट वाटतं. खालच्या पट्टीत खडूची भुकटी साचली होती. आता शनिवारी मुलं कोरड्या ब्रशने ती पट्टी झाडतात, भूत गेलं.

खरा खर्च आणि खरी डोकेदुखी वेगळीच आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. शाळेच्या त्या खोलीत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये मीटर लावला तर काटा चांगलाच हलला, म्हणजे अर्थिंग धड नव्हतं. अशा लाइनवर सव्वा लाखाची वस्तू लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मीठ-कोळसा टाकून नवा अर्थिंगचा खड्डा केला, वेगळी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) टाकली, स्टॅबिलायझर बसवला, मग पॅनल चढवलं. वीजबिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: हे पॅनल दीडशे-दोनशे वॅट घेतं. रोज पाच तास चाललं तरी दिवसाला एखादं युनिट.

आता ग्रुपवरचा लाडका आक्षेप. "पोरं घरी मोबाइलमध्येच असतात, शाळेतही स्क्रीन कशाला?" अहो, घरी एक पोरगं, एक स्क्रीन, कोपऱ्यात. इथे अख्खा वर्ग एका स्क्रीनपुढे, शेजारी बाई उभ्या. दोन्हीत तुलनाच नाही. दुसरं, बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. हा प्रयोग सुरू केला तो आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. ते कोड आपल्यापैकी किती जणांनी घरी स्कॅन केलेत? आमच्या शाळेचं नेट भरवशाचं नाही, म्हणून शिक्षक आदल्या दिवशी दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचे व्हिडिओ उतरवून ठेवतात. म्हणजे त्यांची संध्याकाळ जाते. आपली वर्गणी महिन्याला चौघांच्या रविवारच्या मिसळीएवढी आहे.

ज्यांना जमत नाही त्यांनी देऊ नये, कोणी विचारणार नाही. प्रवेशासाठी देणगी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आणि ही वर्गणी तर शंभर टक्के ऐच्छिक. जे देतील त्यांनी संस्थेची पावती मात्र मागून घ्यावी.

सर्व्हिसचं रडगाणं थोडक्यात. रिमोट आणि पेन पहिल्याच महिन्यात गेले. विकणारा "माणूस पाठवतो" म्हणत राहिला आणि माणूस आला तो परीक्षा संपल्यावर. वॉरंटी तीन वर्षांची लिहून दिली होती, पण ती जागेवर येऊन की पॅनल उतरवून नेऊन, हे कोटेशनमध्ये नव्हतं. भिंतीवरून उतरवून टेम्पोत घालून न्यायचं झालं तर काच फुटण्याची जोखीम आपली. तेव्हा कोटेशनवर "ऑनसाइट" हा शब्द लिहूनच घ्या, किती दिवसांत येणार तेही. शिक्षकांचं प्रशिक्षण एकदा नाही, दोनदा मागा. पहिल्या वेळी सगळे नुसते बघतात.

आमच्याकडे पुढचं पॅनल नववीच्या वर्गाला बसणार आहे. त्या भिंतीच्या पलीकडे पाण्याची टाकी आहे आणि पावसाळ्यात ओल येते. आधी भिंत गवंड्याला दाखवायची, मग कोटेशन.