रायझन ५ ५६००एक्सचं ओव्हरक्लॉकिंग: थंडीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

नागपुरात ओव्हरक्लॉकिंग (म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचं तर खरी परीक्षा मे महिन्यात होते. जानेवारीत सगळ्याच सेटिंग टिकतात. म्हणून उन्हाळा काढल्यावरच हे लिहितोय.

माझा प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स, बी५५० मदरबोर्ड. (ए५२० मदरबोर्ड असेल तर हा नाद सोडा, त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही.) खोक्यातला कूलर काढून मोठा टॉवर कूलर बसवला. माझं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडरिंग (दृश्याचं अंतिम चित्र तयार करणं) आणि रात्री थोडं गेमिंग.

सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणना करणाऱ्या भागांना) एकच वेग बांधून देण्याची जुनी पद्धत या चिपला मानवत नाही. रेंडर जलद होतो, पण एकाच कोअरवरच्या कामात मिळणारा बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) जातो, व्होल्टेजही चढं राहतं. त्यापेक्षा बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह हा बूस्टच्या मर्यादा सैल करणारा पर्याय उघडा आणि त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला वेगळा उणे आकडा द्या; आकडा जितका उणे, तितकं व्होल्टेज कमी. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, आणि त्या वाचलेल्या जागेत चिप स्वतःच वेग वाढवते. वर २०० मेगाहर्ट्झची सूट दिली की कागदावर ४.६, पण प्रत्यक्षात ४.६५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा मूळचा बूस्ट ४.८५ पर्यंत जाऊ शकतो.

सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० देऊ नका. जे दोन कोअर चिपमध्ये सर्वांत सरस असतात, त्यांना कारखान्यातूनच कमी व्होल्टेज ठरवलेलं असतं, त्यामुळे तिथे वाव थोडा. माझ्याकडे ते दोघे उणे १० वर आहेत, बाकीचे उणे २५ वर. आणि चाचणी फक्त सिनेबेंचवर (सगळ्या कोअरवर ताण देणाऱ्या चाचणी प्रोग्रॅमवर) संपवू नका. पूर्ण ताणाखाली पीसी शांत चालतो आणि नुसतं ब्राउझर उघडं असताना रीस्टार्ट होतो, कारण एकटा कोअर सर्वांत वर उसळतो तो हलक्या कामात. कोअरसायकलर हा चाचणी प्रोग्रॅम रात्रभर लावा, तो एकेक कोअर तपासतो. तरीही रीस्टार्ट झालाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) WHEA-Logger या नावाची १८ नंबरची नोंद पाहा, ती हार्डवेअरच्या चुकीची असते. त्यातल्या APIC ID या क्रमांकावरून दोषी कोअर सापडतो.

उन्हाळ्यात मी एकच बदल केला. या चिपची मूळ पॉवर मर्यादा ७६ वॅट. थंडीत मी ती बरीच वर नेली होती, एप्रिलमध्ये ९५ वर आणली. रेंडरच्या वेळात फरक जाणवलाच नाही, तापमान मात्र ठळक उतरलं. खोलीतला वाळ्याचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. ती हवा दमट असते, धूळ चिकटून बसते.

मूळ सेटिंगच्या तुलनेत रेंडर साधारण आठ-दहा टक्के लवकर संपतो. १४४०पी (२५६०×१४४० रिझोल्यूशन) गेमिंगमध्ये फरक जवळपास शून्य, तिथे ग्राफिक्स कार्डच अडतं. फक्त गेमिंगसाठी एवढी खटपट करावी असं मला वाटत नाही. रेंडरिंग करणाऱ्यांनी नक्की करावी. एएमडीच्या वॉरंटीत ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान येत नाही, हे धरून चाला.

बायॉस अपडेट करण्याआधी प्रत्येक कोअरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, आणि जतन केलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीत चालेलच असं नाही.