८५८डी हॉट एअर स्टेशन: काही महिने वापरल्यानंतर

८५८डी, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवून सर्किट बोर्डावरचे भाग काढण्या-लावण्याचं मशीन, हा एका कंपनीचा माल नाही. याच आकड्याखाली डझनभर नावांची मशीन मिळतात; पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'ब्लोअर' म्हटलं की हेच पुढे येतं. पंखा हँडलमध्येच असल्याने हँडल जाडजूड आहे, पण हवेची जाड नळी ओढत बसावी लागत नाही.

प्लग लावण्याआधी एक तपासणी कराच. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्लगची अर्थ पिन आणि नॉझलचा धातू यांच्यात बीप येतो का बघा. काही नगांत अर्थ तिथपर्यंत पोचवलेलाच नसतो, काहींत स्विच न्यूट्रलवर असतो. म्हणजे बंद केलं तरी आत फेज जिवंत. असा नग सरळ परत करावा.

स्क्रीनवरचा आकडा हीटरजवळचा असतो, बोर्डावरचा नव्हे. ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं, लेड-फ्री म्हणजे बिनशिशाचं २१७च्या पुढे. तरी सेटिंग ३५० च्या आसपास ठेवावं लागतं, कारण सेंटिमीटरभर अंतरात बरीच उष्णता निघून जाते. हवा मात्र कमीच बरी. जोर वाढवला की ०४०२ (हा आकाराचा कोड) चा रेझिस्टर उडालाच समजा, आणि एक बाय अर्धा मिलिमीटरचा तुकडा फरशीवर कोण शोधणार?

०६०३ (०४०२ हून थोडा मोठा आकार) चा कपॅसिटर काढताना आधी भरपूर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वाहायला मदत करणारं रसायन. नॉझल गोल फिरवत राहा, एका जागी रोखू नका. सोल्डर एकदम चकाकलं की चिमट्याने हलकेच टोचा. दोन्ही टोकं सैल झाली असतील तरच सरळ वर उचला. ग्राउंडकडचं टोक नेहमी उशिरा सुटतं, कारण तिथलं तांबं उष्णता खात असतं. त्याच घाईत पॅड, म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, उपटतो. मग पॅड विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) साफ करून ताजं सोल्डर, पुन्हा फ्लक्स, नवा कपॅसिटर ठेवून गरम करा. सोल्डर वितळलं की तो स्वतःच ओढला जाऊन जागेवर बसतो. एकच बाजू आधी वितळली तर मात्र उभा राहतो. शेवटी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा.

सिरॅमिक कपॅसिटरला तापलेलं सोल्डरिंग आयर्न थेट टेकवणं टाळा; आत बारीक तडा जातो आणि पुढे कधीतरी शॉर्ट होतो. काढलेला परत लावू नये. अंगावर व्हॅल्यू छापलेली नसते, तेव्हा ती स्कीमॅटिकमधून (सर्किटच्या आकृतीतून) किंवा तशाच चांगल्या बोर्डावरून घ्यावी लागते.

शेजारच्या प्लास्टिक कनेक्टरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावून भागत नाही. टेप टिकते, खालचं प्लास्टिक वितळतं. वरून ॲल्युमिनियम फॉइल हवीच. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जवळ असेल तर आधी काढून ठेवलेला बरा.

लॅपटॉपच्या जाड मदरबोर्डवर हे मशीन एकटं कमी पडतं. खालून बोर्ड आधी तापवणारा प्रीहीटर नसेल तर तासभर हवा मारत बसाल. आठ पायांच्या आयसी, छोटे क्यूएफएन (बाहेर पाय नसलेल्या चपट्या आयसी), रेझिस्टर-कपॅसिटर यांना मात्र पुरेसं. हँडल स्टँडवर ठेवल्यावर हीटर बंद होतो, पंखा तापमान १०० च्या खाली येईपर्यंत फिरतो. तोवर मेन स्विचला हात लावू नका.