जांभूळ की ब्लूबेरी?

स्मूदीत काय घालू, असं मुंबईत कोणी विचारलं की मी आधी महिना विचारते. जून असेल तर टोपलीतली जांभळंच घ्या. ब्लूबेरी सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये जवळपास वर्षभर दिसते, पण बरीचशी पेरू-चिलीसारख्या देशांतून थंडगार पेट्यांमधून, प्लॅस्टिकच्या डबीत येते. जांभूळ पालघरहून येतं. तिथल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

दोन्हींचा रंग अँथोसायनिन या अँटिऑक्सिडंटचा. ब्लूबेरी कापून पाहा: साल गडद, आत फिकट हिरवट गर. म्हणजे सगळी मौज सालीत. जांभळाचा गर सालीसकट कुस्करला की बोटं दिवसभर जांभळी राहतात. हे द्रव्य आचेवर टिकत नाही, म्हणून जॅम उकळण्यापेक्षा मी गर कच्चाच दह्यात फेटते. वर लिंबाचे चार थेंब टाकले की आंबटपणामुळे रंग लालसर खुलतो.

बिया काढायचा कंटाळा, तुरटपणा नको, मफिन भाजायचे आहेत? मग ब्लूबेरी सोयीची, हे मान्य. जांभूळ दोन दिवसांत मऊ पडतं. पण गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला की गणपतीपर्यंत पुरतो. बियासुद्धा वाया जात नाहीत, वाळवून पूड होते. मधुमेहावर ती घरोघरी घेतात, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी कृपया बंद करू नका.

माझ्या फ्रीजरमध्ये ब्लूबेरीची डबी क्वचितच असते. जांभळाचे ट्रे मात्र दोन.