हातगाडी की आरसा?

अल्गोरिदमच्या सत्तेवर बोट ठेवायचं तर कलावंतांपुढे दोन वाटा दिसतात: बाहेरून त्याला चकवा, नाहीतर त्याच्या पोटात शिरून आतला माल दाखवा.

पहिली वाट सायमन वेकर्टची. 2020 मध्ये त्यानं 99 जुने स्मार्टफोन एका हातगाडीत भरले आणि ती बर्लिनच्या रस्त्यांवरून ओढत नेली. संथ सरकणारे इतके फोन पाहून गुगल मॅप्सला वाटलं, गाड्या तुंबल्यात. मोकळा रस्ता नकाशावर लाल झाला. गंमत शेंबड्या पोरालाही कळते. पण फोन बंद केले की विषय संपला.

संशोधक केट क्रॉफर्ड आणि कलावंत ट्रेव्हर पॅगलेन यांचं 2019 चं ‘इमेजनेट रुलेट’ इतक्या सहज सोडत नाही. आपला फोटो द्यायचा. यंत्र लेबल चिकटवायचं, कधी मामुली, कधी चक्क वंशद्वेषी शिवी. ती यंत्राच्या डोक्यातून आलेली नव्हती. यंत्र ज्यावर शिकलं, त्या 1 कोटी 40 लाखांवर चित्रांच्या इमेजनेट संग्रहाचे खण, म्हणजे वर्गवारीची नावं, ‘वर्डनेट’ या शब्दसंग्रहातून उचललेले, आणि चित्रं त्यांत टाकणारी माणसं ऑनलाइन मजुरीवरची. म्हणजे पूर्वग्रह आपलाच, फक्त तोंड यंत्राचं. त्याच वर्षी सप्टेंबरात इमेजनेटच्या चमूनं माणसांची सुमारे 6 लाख चित्रं काढणार असल्याचं जाहीर केलं. (ते काम आधीच सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं.)

माझं मत दुसऱ्या पारड्यात. मात्र ज्यांच्या कपाळी ती शिवी आली, त्यांनी कलेपायी ती का सोसावी, हे मला अजून पटलेलं नाही.